सल्फासॅलाझिन घेताना : काय करावे, काय टाळावे

आतड्याचा आजार आणि सांध्यांचा आजार या दोन्हींवर एकच गोळी लिहून दिली की घरातले गोंधळतात. सल्फासॅलाझिन ही तशी गोळी आहे. मोठ्या आतड्याला सूज आणि व्रण आणणाऱ्या अल्सरेटिव्ह कोलायटिसवर ती देतात, तशीच आमवातावर, म्हणजे रुमॅटॉइड आर्थरायटिसवरही देतात. स्वीडनच्या डॉ. नाना स्वार्ट्झ यांनी १९३०च्या दशकाच्या अखेरीस हे औषध पुढे आणले. मूळ हेतू सांध्यांच्या आजारावर उपाय शोधण्याचा होता, पण कोलायटिसच्या रुग्णांनाही गुण येतो असे त्यांना दिसले. १९४२ साली त्यांनी आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत ते आजही आहे. इतक्या वर्षांच्या वापरामुळे त्याचे गुण जसे माहीत आहेत, तसे त्रासही नेमके माहीत आहेत.

या गोळीत दोन औषधे रासायनिक बंधाने जोडलेली असतात : मेसालाझिन आणि सल्फापायरिडिन. गोळीतले बहुतेक औषध जसेच्या तसे मोठ्या आतड्यापर्यंत पोहोचते आणि तिथले जिवाणू ही जोडी फोडतात. मेसालाझिन बहुतांशी आतड्यातच राहून अस्तराची सूज उतरवते. सल्फापायरिडिन रक्तात शोषले जाते. मळमळ, डोकेदुखी, पुरळ, रक्तपेशी घटणे असे बरेचसे दुष्परिणाम त्याच्यामुळे होतात.

गंभीर त्रास झालाच, तर तो बहुधा पहिल्या तीन महिन्यांत होतो आणि वेळेवर लक्षात आला तर बहुतेकदा आवरता येतो. म्हणून दोन गोष्टींत हयगय नको : ठरलेल्या तारखेला रक्त तपासणे आणि हे औषध चालू आहे हे प्रत्येक डॉक्टरला सांगणे.

सुरू करण्यापूर्वी

काय करावे

- सल्फाच्या कोणत्याही औषधाने पूर्वी पुरळ, सूज किंवा धाप लागली असेल तर आधी सांगा. कोट्रायमॉक्साझोल हे नेहमी दिले जाणारे प्रतिजैविक सल्फाचेच आहे. त्याची ॲलर्जी असलेल्याला सल्फासॅलाझिन देत नाहीत.
- ॲस्पिरिनची ॲलर्जी किंवा ॲस्पिरिनने उठणारा दमा असेल तर तेही सांगा. मेसालाझिन त्याच कुळातले आहे.
- घरात कोणाला जी-सिक्स-पीडी या एन्झाइमची कमतरता असेल, किंवा एखाद्या औषधानंतर कोणाची लघवी काळपट होऊन रक्त झपाट्याने कमी झाले असेल, तर आवर्जून सांगा. या कमतरतेत सल्फासॅलाझिनने तांबड्या पेशी फुटू शकतात. पारशी समाजात आणि काही आदिवासी समाजांत ही कमतरता तुलनेने जास्त आढळते. साध्या रक्ततपासणीत ती कळते.
- मूत्रपिंड किंवा यकृताचा आजार, पॉर्फायरिया, मुतखडा, लघवीला किंवा आतड्यात अडथळा यांपैकी काही असेल तर जुनी फाइल सोबत न्या.
- पहिली गोळी घेण्याआधी सीबीसी, यकृताच्या तपासण्या आणि क्रिएटिनिन करून घ्या. सुरुवातीचे आकडे हाती नसतील तर पुढच्या अहवालातला बदल औषधाने झाला की आधीचाच होता, हे ठरवता येत नाही.
- ही गोळी नेमकी कशासाठी दिली आहे, हे डॉक्टरांना विचारून चिठ्ठीवर लिहून घ्या. डोस त्यावर अवलंबून असतो.

काय टाळावे

- शेजारच्या काकूंना गुण आला म्हणून त्यांची स्ट्रिप आणून सुरू करू नका. वयाने झिजलेल्या गुडघ्यांवर सल्फासॅलाझिनचा उपयोग नाही. ते दाह उतरवणारे औषध आहे, वेदनाशामक नव्हे.
- अँकिलोजिंग स्पॉन्डिलायटिसमध्ये पाठीच्या कण्यासाठी या औषधाकडून मोठी अपेक्षा ठेवू नका. गुडघा, घोटा अशा सांध्यांच्या सुजेवर त्याचा उपयोग होतो. कण्याच्या ताठरपणासाठी वेगळे उपचार आहेत.
- शौचातून रक्त पडले की मूळव्याध समजून महिनोन्‌महिने मलम लावत बसू नका. रक्त आणि आव सतत पडत असेल तर तपासणी हवी. कोलायटिसचे निदान यानेच लांबते.
- दोन वर्षांखालच्या मुलांना हे औषध देत नाहीत. मोठ्या मुलांचा डोस वजनावर ठरतो. मोठ्यांच्या गोळीचा तुकडा करून मुलाला देऊ नका.

सुरू करताना

काय करावे

- डोस हळूहळू वाढवा. आमवातात साधारणपणे रोज ५०० मिलिग्रॅमने सुरुवात करून दर आठवड्याला ५०० मिलिग्रॅमने वाढवत दिवसाला २ ग्रॅमपर्यंत नेतात, क्वचित ३ ग्रॅमपर्यंत. कोलायटिस भडकलेला असताना प्रौढांना दिवसाला ३ ते ४ ग्रॅम विभागून देतात आणि आजार शांत झाल्यावर तो शांत ठेवण्यासाठी साधारण २ ग्रॅम. तुमचा डोस तुमच्या डॉक्टरांनी ठरवलेला असेल तोच पाळा.
- गोळी जेवणानंतर आणि पेलाभर पाण्यासोबत घ्या. मळमळ, भूक मंदावणे, डोके जड होणे हे सुरुवातीचे नेहमीचे त्रास आहेत. डोस सावकाश वाढवला की बहुतेकांना ते सोसतात.
- बाहेरून आवरण असलेली गोळी अख्खी गिळा. हे आवरण जठरात विरघळू नये म्हणूनच असते.
- धीर धरा. सांध्यांवर परिणाम दिसायला ६ ते १२ आठवडे लागतात. तोवर वेदनेसाठी डॉक्टर वेगळे औषध देतात.

काय टाळावे

- आवरणाची गोळी कुटू नका, तोडू नका, चावू नका.
- अँटासिडची गोळी किंवा पातळ औषध तिच्या सोबत घेऊ नका. आवरण वेळेआधी विरघळते. ॲसिडिटीचे औषध लागतच असेल तर दोन्हींत किती अंतर ठेवायचे ते विचारा.
- दोन आठवड्यांत फरक पडला नाही म्हणून गोळी सोडू नका, आणि लवकर गुण यावा म्हणून आपल्या मनाने डोसही वाढवू नका.
- मेडिकलमधून मिळालेली स्ट्रिप न वाचता खिशात टाकू नका. सल्फाडायझिन हे नावाने जवळचे, पण पूर्णपणे वेगळे औषध आहे. नाव आणि मिलिग्रॅम दोन्ही चिठ्ठीशी ताडून पाहा.

पहिले तीन महिने

हा काळ सगळ्यात जपण्याचा आहे. क्वचित कोणाच्या अस्थिमज्जेवर औषधाचा परिणाम होतो आणि संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी झपाट्याने घटतात. तसेच क्वचित यकृताला सूज येते किंवा त्वचेवर गंभीर प्रतिक्रिया उमटते.

काय करावे

- रक्ततपासणीचे वेळापत्रक पाळा. सर्वसाधारण पद्धत अशी : पहिले तीन महिने दर दोन आठवड्यांनी, पुढचे तीन महिने दर महिन्याला, त्यानंतर दर तीन महिन्यांनी. तुमचे डॉक्टर यात थोडा बदल करू शकतात.
- सगळे अहवाल तारखेनुसार एकाच फाइलमध्ये लावा. एखादा आकडा अजून मर्यादेत असला, तरी तो दर वेळी घसरत असेल तर तेही डॉक्टरांना दिसले पाहिजे.
- ताप, घसा दुखणे, तोंडात फोड किंवा विनाकारण काळेनिळे डाग दिसले तर पुढचा डोस घेण्याआधी डॉक्टरांना फोन करा आणि त्याच दिवशी सीबीसी करा. पावसाळ्यात घरोघरी ताप असतो. डेंगी किंवा व्हायरल समजून दोन दिवस वाट पाहण्याचा मोह होतो. हे औषध घेणाऱ्याने ती वाट पाहू नये.
- अंगभर पुरळ, सोबत ताप, चेहऱ्यावर सूज किंवा मानेत गाठी आल्या, तर गोळी थांबवा आणि थेट रुग्णालय गाठा. ही प्रतिक्रिया बहुधा औषध सुरू केल्यावर काही आठवड्यांनी येते. म्हणून 'इतके दिवस गोळी सोसली, आता कशाची ॲलर्जी' असे म्हणून ती झटकू नका.

काय टाळावे

- बरे वाटते आहे म्हणून तपासणी चुकवू नका. पेशी घटत असताना सुरुवातीला काहीच जाणवत नाही.
- तापासाठी गल्लीतल्या दवाखान्यातून इंजेक्शन घेऊन येऊ नका. गेलातच तर 'मला सल्फासॅलाझिन चालू आहे' हे पहिले वाक्य असू द्या.
- पुरळ आल्यावर ते उतरले म्हणून आपण होऊन गोळी पुन्हा सुरू करू नका. दुसऱ्या वेळी प्रतिक्रिया अधिक उग्र होऊ शकते.

रोजचे जगणे

काय करावे

- पाणी भरपूर प्या. लघवी कमी आणि दाट झाली तर मुतखड्याचा धोका वाढतो. विदर्भ-मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात, शेतात किंवा बांधकामावर काम करणाऱ्यांनी बाटली जवळच ठेवावी. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे पाण्यावर मर्यादा असेल तर डॉक्टरांना विचारा.
- लघवी नारिंगी-पिवळी झाली तर घाबरू नका. कधी त्वचेवरही तशी छटा येते. हा औषधाचा रंग आहे.
- फोलिक ॲसिड किती घ्यायचे ते विचारा. सल्फासॅलाझिनमुळे त्याचे शोषण कमी होते. पालेभाज्या, कडधान्ये ताटात असावीतच, पण गोळीची गरज डॉक्टर ठरवतील.
- उन्हात त्वचा लवकर लाल होत असेल तर टोपी, पूर्ण बाह्यांचे कपडे आणि सनस्क्रीन वापरा.
- एखादा डोस चुकला तर आठवल्यावर घ्या. पुढची वेळ जवळ आली असेल तर चुकलेला सोडून द्या.
- कोलायटिससाठी डोस दिवसभरात विभागून दिला असेल, तर रात्रीचे अंतरही ८ तासांच्या वर जाऊ नये असे वेळापत्रक बसवा.

काय टाळावे

- मऊ कॉन्टॅक्ट लेन्स लावू नका. अश्रूंतून उतरणाऱ्या औषधाने त्यांवर कायमचा डाग पडतो. चष्मा वापरा.
- नारिंगी लघवी आणि कावीळ यांत गल्लत करू नका. डोळ्यांचे पांढरे पिवळे झाले, अन्नावरची वासना उडाली, उजव्या बरगडीखाली दुखू लागले, शौच पांढुरके झाले, तर त्याच दिवशी यकृताची तपासणी करा. कावीळ उतरवून देणाऱ्यांकडे जाण्यात दिवस घालवू नका. अशा वेळी गोळी थांबवण्याचा निर्णय तासांत घ्यावा लागतो.
- निर्जळी उपवास टाळा. एकादशी-चतुर्थीचा साधा उपवास असेल तर फराळानंतर गोळी घ्या आणि पाणी कमी करू नका.
- चुकलेल्या डोसची भरपाई म्हणून दुप्पट गोळ्या घेऊ नका.
- शौचात अख्खी गोळी पडलेली दिसली तर गप्प राहू नका. औषध अंगाला लागतच नाही असा त्याचा अर्थ होतो. गोळी बदलावी लागेल.

इतर औषधे सोबत असतील तर

काय करावे

- आमवातात सल्फासॅलाझिनसोबत मेथोट्रेक्सेट आणि हायड्रॉक्सिक्लोरोक्विन देण्याची पद्धत आहे. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते, सल्फासॅलाझिन रोज. दोन्हींचे डबे वेगळे ठेवा आणि मेथोट्रेक्सेटच्या डब्यावर वार मोठ्या अक्षरात लिहा. मेथोट्रेक्सेट चुकून रोज घेतल्याने जीव गेल्याच्या घटना घडल्या आहेत. घरात गोळ्या देणारी सून असो, मुलगा असो की आजोबा स्वतः, हा फरक सगळ्यांना तोंडपाठ हवा.
- अझाथायोप्रिन किंवा मर्कॅप्टोप्युरिन सोबत असेल तर रक्ततपासणी अधिक काटेकोर हवी. सल्फासॅलाझिनमुळे त्यांचा अस्थिमज्जेवरचा परिणाम वाढू शकतो.
- डिगॉक्सिन, वॉर्फरिन किंवा लोहाच्या गोळ्या चालू असतील तर सांगा. डिगॉक्सिनचे शोषण घटते, वॉर्फरिनचा परिणाम कमीजास्त होऊ शकतो, लोहाच्या गोळीत आणि या गोळीत अंतर ठेवावे लागते.
- प्रतिजैविकांचा कोर्स सुरू होताना आठवण करून द्या. गोळी फोडण्याचे काम आतड्यातले जिवाणू करतात, त्यामुळे ॲम्पिसिलिन किंवा क्षयाच्या उपचारातले रिफाम्पिसिन यांसारख्या औषधांनी कोलायटिसवरचा गुण कमी होऊ शकतो. त्यासाठी प्रतिजैविक मात्र सोडायचे नाही. क्षयाचे औषध तर कधीच नाही.
- लॅबमध्ये नमुना देताना औषधाचे नाव लिहून द्या. रक्तातील सल्फासॅलाझिनमुळे यकृताची एन्झाइम्स, साखर आणि आणखी काही तपासण्या काही पद्धतींनी केल्यास चुकीचे आकडे दाखवू शकतात.

काय टाळावे

- डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन यांसारखी वेदनाशामके मनाने घेऊ नका. कोलायटिस असलेल्यांत ती आजार भडकवू शकतात. वेदनेसाठी काय चालेल ते आधीच विचारून ठेवा. बहुतेकांना पॅरासिटामॉल सुचवतात.
- सांधेदुखीवर 'रामबाण' म्हणून विकली जाणारी लेबल नसलेली चूर्णे आणि पुड्या टाळा. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले आढळले आहे. चार दिवस हलके वाटते आणि नंतर साखर, रक्तदाब, हाडे यांची किंमत मोजावी लागते.
- डॉक्टरांनी दिलेले स्टेरॉइड मात्र एकाएकी बंद करू नका. ते हळूहळू उतरवावे लागते.
- कोलायटिस भडकलेला असताना जुलाब थांबवणाऱ्या गोळ्या मेडिकलमधून आणून घेऊ नका. अशा वेळी मोठे आतडे धोकादायक रीतीने फुगू शकते.

मूल हवे असेल तेव्हा

या विषयावर दवाखान्यात सगळ्यात कमी बोलले जाते. न बोलण्याची किंमत अनेक जोडपी वर्षानुवर्षे मोजतात, तेही बहुधा सुनेकडे बोट दाखवून.

काय करावे

- पुरुषांनी लक्षात ठेवावे : सल्फासॅलाझिनमुळे शुक्राणूंची संख्या आणि हालचाल कमी होऊ शकते. हा परिणाम कायमचा नाही. गोळी बंद केल्यावर साधारण दोन-तीन महिन्यांत स्थिती पूर्ववत होते. कोलायटिस असेल तर नुसत्या मेसालाझिनवर जाता येते, आमवात असेल तर डॉक्टर दुसरा पर्याय शोधतात.
- वंध्यत्वाच्या दवाखान्यात पहिल्याच भेटीत नवऱ्याच्या गोळ्यांची यादी द्या. महागड्या उपचारांआधी या एका ओळीने प्रश्न सुटू शकतो.
- स्त्रियांच्या प्रजननक्षमतेवर हे औषध परिणाम करत नाही. गरोदरपणातही ते सहसा चालू ठेवता येते. सोबत फोलिक ॲसिड मात्र हवेच, तेही गर्भधारणेच्या आधीपासून. त्याचा डोस डॉक्टर ठरवतील.
- बाळंतपणानंतर बालरोगतज्ज्ञांना सांगा. पूर्ण दिवसांच्या निरोगी बाळाला अंगावर पाजता येते. बाळ अपुऱ्या दिवसांचे असेल, त्याला कावीळ असेल किंवा जी-सिक्स-पीडीची कमतरता असेल तर आधी सल्ला घ्या. बाळाला रक्ताचे जुलाब झाले तर लगेच दाखवा.

काय टाळावे

- गोळी चालू आहे म्हणजे दिवस राहणार नाहीत, असे धरून चालू नका. ते गर्भनिरोधक नाही.
- दिवस राहिल्याचे कळताच घाबरून गोळी सोडू नका. भडकलेला कोलायटिस आई आणि बाळ दोघांनाही औषधापेक्षा जास्त त्रासदायक ठरतो.
- मेथोट्रेक्सेट सोबत असेल तर हा नियम लागू नाही. ते गरोदरपणात घ्यायचेच नसते आणि आधीच नियोजन करून थांबवावे लागते.

बरे वाटू लागल्यावर

काय करावे

- गोळी चालू ठेवा. कोलायटिसमध्ये रक्त थांबल्यावरही तिचे काम सुरूच असते. आजार पुन्हा भडकू नये म्हणूनच ती दिलेली असते.
- कोलायटिसच्या निदानाला साधारण आठ वर्षे झाली की कोलोनोस्कोपीबद्दल विचारा. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका वाढत असल्याने ठरावीक काळाने ती करतात.
- शस्त्रक्रिया ठरली, दात काढायचा असला, लस घ्यायची असली, तर औषधांची यादी आधी दाखवा.
- प्रवासात गोळ्या हातातल्या पिशवीत ठेवा आणि चिठ्ठीचा फोटो मोबाइलमध्ये. वारीला किंवा परगावी लग्नाला जाताना चार-पाच दिवसांच्या जास्तीच्या गोळ्या घ्या.

काय टाळावे

- जुन्या चिठ्ठीवर वर्षानुवर्षे गोळ्या आणत राहू नका. तपासणीशिवाय औषध चालू ठेवणे हाही निष्काळजीपणाच आहे.
- खर्च परवडत नाही म्हणून मनाने डोस अर्धा करू नका. डॉक्टरांना स्पष्ट सांगा, जेनेरिक मिळते का विचारा.

ताबडतोब रुग्णालयात जा

- ताप आणि सोबत घसा दुखणे किंवा तोंडात व्रण.
- ओठ, चेहरा सुजणे, धाप लागणे.
- त्वचेवर फोड, सालपटे निघणे, डोळे किंवा तोंड सोलवटणे.
- डोळे पिवळे होणे, लघवी काळपट होणे, खूप फिकटपणा.
- कुठूनही विनाकारण रक्त येणे.
- दिवसातून सहा किंवा अधिक वेळा रक्ताचे जुलाब, सोबत ताप किंवा छातीत धडधड.
- एकच सांधा अचानक लाल, गरम होऊन ताप येणे. हा आमवात नसून सांध्यातला संसर्ग असू शकतो.

योग्य माणसाला, योग्य डोसमध्ये आणि तपासण्यांच्या साथीने दिले तर सल्फासॅलाझिन अनेकांना कामावर, शेतावर, शाळेत परत पाठवते. हे औषध तुमच्या घरात कोणी घेत असेल तर आज दोन कामे करा : शेवटची सीबीसी कोणत्या तारखेची आहे ते फाइलमध्ये पाहा, आणि पुढची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा.